करसनदासांचे साक्षीदार : मुंबईच्या चित्रपटकारांना खुले पत्र

मुंबईत चित्रपट आणि मालिका निर्माण करणारे निर्माते, दिग्दर्शक आणि पटकथालेखक यांस,

स. न. वि. वि.

पत्रकार करसनदास मुळजी यांच्यावर एका धर्मगुरूने लावलेल्या, १८६२ साली निकाल लागलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यावरचा ‘महाराज’ हा चित्रपट १४ जून २०२४ रोजी नेटफ्लिक्सवर येणार होता. आदल्या दिवशी गुजरात उच्च न्यायालयाने त्याला अंतरिम स्थगिती दिली, पुढे न्यायालयाने तो स्वतः पाहिला, आणि २१ जूनला स्थगिती उठून त्याच दिवशी चित्रपट लोकांपुढे आला. त्या आठवड्याची हकीकत तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक तपशिलाने ठाऊक असेल. तुमच्यापैकी अनेकांनी त्यातून जो धडा घेतला असेल त्याची मात्र मला काळजी वाटते आणि म्हणून हे पत्र लिहिते आहे. धर्मगुरूंच्या वर्तनावर चित्रपट काढणे म्हणजे कोर्टकचेऱ्या ओढवून घेणे, तेव्हा असले विषय नकोतच, किंवा घ्यायचेच झाले तर एखाद्या प्रेमकथेच्या आडोशाने घ्यावेत, असा तो धडा असेल तर तो चुकीचा आहे. हा विषय सोडू नका, आणि पुढच्या वेळी तो अधिक खरेपणाने घ्या, अशी विनंती मला करायची आहे.

मी गिरगावात राहते आणि तीन दशकांहून अधिक काळ शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले आहे. भुलेश्वरच्या भोईवाड्यातले मोटा मंदिर आमच्या घरापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. माझ्या लहानपणी आमच्या मजल्यावर राहणाऱ्या बा रोज पहाटे मंगलेच्या दर्शनाला हवेलीत, म्हणजे त्या मंदिरात, जात आणि सणावारी ठोर-मठडीचा प्रसाद आम्हा मुलांच्या हातावर ठेवत. त्यांच्या घरातल्या लालजींचा, म्हणजे बाळकृष्णाचा, पाळणा हलवायला मिळावा म्हणून आम्ही मुली आपसांत भांडत असू. पुष्टिमार्ग, म्हणजे वल्लभाचार्यांचा कृष्णभक्तीचा संप्रदाय, मला पहिल्यांदा कळला तो त्या पाळण्याच्या दोरीमुळे, आणि तो गोडवा अजून मनात आहे. पुढे जे लिहिते आहे त्यामागे संप्रदायाविषयी आकस नाही, एवढे आधीच सांगून ठेवते.

चित्रपटाला आधार सौरभ शाह यांच्या गुजराती कादंबरीचा आहे आणि कादंबरीला आधार मुंबईत घडलेल्या एका खटल्याचा. २१ ऑक्टोबर १८६० रोजी ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्रात करसनदास मुळजी यांनी हिंदूंचा मूळ धर्म आणि त्या वेळचे पाखंडी पंथ या विषयावर लेख लिहिला. वल्लभ संप्रदायात दीक्षा घेणारा भक्त आपले तन, मन आणि धन श्रीकृष्णाला अर्पण करतो. हे अर्पण आपल्यालाच आहे असा अर्थ लावून महाराज म्हणवणारे गुरू भक्तांच्या लेकीसुनांचा उपभोग घेतात, असा त्या लेखातला आरोप होता, आणि सुरतेहून मुंबईत आलेल्या जदुनाथजी ब्रजरतनजी महाराजांना नावानिशी उद्देशून करसनदासांनी तो केला होता. महाराजांनी मे १८६१ मध्ये करसनदास आणि मुद्रक नानाभाई राणीना यांच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावून पन्नास हजार रुपयांची भरपाई मागितली. २५ जानेवारी १८६२ ला सुनावणी सुरू झाली आणि २२ एप्रिलला निकाल लागला. (हे न्यायालय म्हणजे तेव्हाचे मुंबईचे सुप्रीम कोर्ट, उच्च न्यायालयाची स्थापना त्यानंतर, १४ ऑगस्ट १८६२ रोजी झाली. या विषयावरच्या लेखनात ही चूक पुन्हा पुन्हा दिसते म्हणून मुद्दाम नोंदवते.)

लेखातला मजकूर खरा आहे हा करसनदासांचा बचाव न्यायालयाने मान्य केला आणि दाव्याच्या खर्चापोटी त्यांना साडेअकरा हजार रुपये मिळाले. न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांनी आपल्या निकालपत्रात जे म्हटले त्याचा आशय असा : आमच्यापुढचा प्रश्न धर्मशास्त्राचा नसून नीतीचा आहे, जे नीतीने वाईट आहे ते धर्मशास्त्राने योग्य ठरू शकत नाही, एवढेच तत्त्व प्रतिवादी आणि त्याचे साक्षीदार मांडत आले आहेत.

‘आणि त्याचे साक्षीदार’ या तीन शब्दांकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते. सिनेमाच्या पडद्यावर पोचताना हेच तीन शब्द फिके पडले.

चित्रपटातल्या करसनची वाग्दत्त वधू किशोरी महाराजांच्या ‘चरणसेवे’ला जाते, तो ते पाहतो, लग्न मोडतो, ती आत्महत्या करते आणि तिथून त्याचा लढा उभा राहतो. जयदीप अहलावत यांनी साकारलेले महाराज पाहण्यासारखे आहेत. आवाज न चढवता, चेहऱ्यावरचे स्मित ढळू न देता समोरच्याला आपल्या इच्छेपुढे वाकवणारी सत्ता त्यांनी नेमकी दाखवली, आणि त्याबद्दल त्यांचे मी मनापासून कौतुक करते. परंतु लढ्याचे मूळ एका तरुणाच्या व्यक्तिगत दुःखात दाखवले की सगळा खटला त्याच्या सूडाची गोष्ट होऊन बसतो, आणि प्रेक्षकाच्या मनात नकळत असा हिशेब तयार होतो की किशोरी जगली असती तर करसन गप्प बसला असता. नोंदींतले करसनदास गप्प बसणारे नव्हते. १८५३ साली, वयाची एकविशी गाठताना, त्यांनी विधवाविवाहावर निबंध लिहायला घेतला एवढ्यावरून ज्यांनी त्यांना लहानाचे मोठे केले त्या नातलग बाईंनी त्यांना घराबाहेर काढले. १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ सुरू केले. आम्ही महाराजांना न्यायालयात खेचणार नाही असे वैष्णवांकडून लिहून घेण्यात आले तेव्हा त्या दस्तऐवजाला त्यांनी ‘गुलामीखत’ हे नाव दिले. स्वतःच्या जातीच्या आणि संप्रदायाच्या आत राहून इतकी वर्षे हे सारे सोसणारा आणि लिहिणारा माणूस पडद्यावर प्रियकरापुरता उरावा, याचे मला वाईट वाटले.

‘गुलामीखत’ हा शब्द मी पुन्हा उच्चारते, कारण या विषयाचे खरे नाट्य त्यात आहे. एखाद्या गुरूची वासना ही तशी जुनी आणि एकसुरी गोष्ट. ती वर्षानुवर्षे बिनबोभाट कशी चालू शकते, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर पैशात आणि जातीत सापडते. व्यापाऱ्यांच्या मालावर महाराजांसाठी ‘लागा’ बसलेला असे, म्हणजे कापसाच्या किंवा साखरेच्या प्रत्येक व्यवहारातला एक बारीक हिस्सा मंदिराकडे वळत असे. ज्या शेठांच्या हातून हा पैसा जाई तेच शेठ जातीचे पुढारी असत, आणि जातीबाहेर टाकण्याचा अधिकार त्यांच्याच हाती असे. जातीबाहेर टाकले की मुलामुलींची लग्ने थांबत, पेढीवरची पत जाई आणि मयताला खांदा द्यायला माणूस मिळत नसे. खटला उभा राहण्याआधीच भाटिया जातीच्या सभेत ठरले की महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला जातीबाहेर टाकायचे. करसनदासांनी या पुढाऱ्यांवर साक्षीदारांना अडवण्याच्या कटाचा फौजदारी खटला भरला आणि १८६१ च्या अखेरीस आरोपींना दंड झाले. म्हणजे मुख्य खटल्याआधी केवळ साक्षीदारांना बोलता यावे म्हणून एक वेगळा खटला लढवावा लागला. भ्रष्टाचार कसा चालतो हे दाखवणारा याहून नेमका प्रसंग तुम्हाला कल्पनेतून रचावा लागणार नाही. तो नोंदलेला आहे.

तरीही माणसे पुढे आली. मथुरादास लवजी आणि लखमीदास खिमजी हे दोघेही भाटिया होते, आणि त्यांच्याच जातीने साक्ष देणाऱ्यावर बहिष्कार पुकारला होता. संप्रदायाची शिकवण काय आणि महाराजांचे वागणे काय हे त्यांनी शपथेवर, भर न्यायालयात सांगितले. त्या दिवशी घरी परतल्यावर त्यांच्या घरात काय बोलणे झाले असेल, याचा विचार मी कितीदा तरी करते.

आणि डॉक्टर भाऊ दाजी. मराठी वाचकांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नाही. गोव्यातल्या पेडणे महालातील मांद्रे गावचा हा मुलगा ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून बाहेर पडला, मुंबईचा नामांकित डॉक्टर आणि प्राच्यविद्येचा अभ्यासक झाला, दोनदा शहराचा शेरीफ झाला, आणि भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयाला आज त्याचे नाव आहे. या खटल्यात भाऊ दाजींनी साक्ष दिली की महाराजांवर आपण गुप्तरोगासाठी उपचार केले आहेत. डॉ. धीरजराम दलपतराम यांचीही अशीच साक्ष झाली. न्यायालयाच्या निर्णयात या वैद्यकीय पुराव्याला मोठे वजन होते, कारण ऐकीव गोष्टी आणि जातीतले वैर म्हणून तो उडवून लावणे शक्य नव्हते.

पटकथालेखकांनो, या क्षणाशी थोडे थांबा. डॉक्टरपुढे येणारा रुग्ण आपले गुपित विश्वासाने सांगतो. ते चारचौघांत उघड करणे हा डॉक्टरच्या धर्माचा भंग आहे. दुसरीकडे, ते उघड केले नाही तर ज्या घरांतल्या मुलींना हाच रोग आशीर्वाद म्हणून मिळतो आहे त्यांच्याकडे पाठ फिरवल्यासारखे होते. शपथ घेऊन पिंजऱ्यात उभा राहिलेला चाळिशीचा डॉक्टर, समोर नामांकित बॅरिस्टर, आणि भुलेश्वरापासून काळबादेवीपर्यंत सगळे गाव त्याच्या एका वाक्याकडे कान लावून बसलेले. भाऊ दाजींच्या मनात तेव्हा काय होते ते कोणत्याही कागदावर लिहिलेले नाही, आणि तीच तुमची हक्काची जागा आहे. कल्पनेने भरायची मोकळी जागा इतिहासात असते ती अशा ठिकाणी. घडलेल्या गोष्टी बाजूला सारून तिथे न घडलेली प्रेमकथा बसवणे हा त्या जागेचा योग्य उपयोग नव्हे.

स्त्रियांविषयी मला अधिक कळकळीने लिहायचे आहे. ज्यांच्या देहावर हे सारे घडले त्यांचे बोलणे आपल्यापर्यंत पोचते ते जवळजवळ सर्वस्वी पुरुषांच्या तोंडून : संपादकाच्या, साक्षीदारांच्या, डॉक्टरांच्या, वकिलांच्या आणि न्यायाधीशांच्या. चित्रपटाने किशोरीला चेहरा दिला याचे मी स्वागत करते. परंतु ती महाराजांकडे श्रद्धेने जाते, तिला त्यात आपले भाग्य वाटते, आणि तिच्यावर प्रेम करणारा सुधारक तरुण पहिल्याच क्षणी तिच्याकडे पाठ फिरवतो, या दोन्ही गोष्टी दाखवून कथा घाईने पुढे सरकते. माझ्या मते चित्रपटाचे हृदय तिथेच होते. लहानपणापासून ज्या मुलीला गुरू हाच देव असे शिकवले, आईने स्वतः नटवून जिला पाठवले, त्या मुलीच्या ‘हो’ला होकार म्हणावे का? आणि तिने तो दिला म्हणून तिला उष्टी ठरवणारा सुधारक आणि तिला उष्टी करणारा गुरू यांच्यात तिच्या दृष्टीने किती अंतर असेल? हे प्रश्न विचारायला १८६२ सालच्या न्यायालयात कोणी नव्हते. आज ते विचारायला तुम्ही आहात. किशोरीला मारून नायकाला मोकळे करण्यापेक्षा तिला जिवंत ठेवून तिच्या नजरेतून हा खटला पाहिला असता तर चित्रपट कितीतरी धीट झाला असता.

स्थगिती मागणाऱ्यांचा एक मुद्दा मी बाजूला सारणार नाही. इंग्रजी अमलातल्या त्या निकालात श्रीकृष्ण आणि भक्तिगीते यांच्याविषयी निंदाव्यंजक शेरे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. परके न्यायाधीश आणि साक्षीला आलेले मिशनरी जॉन विल्सन यांच्यासारखी मंडळी कृष्णभक्तीकडे कोणत्या चष्म्यातून पाहत होती हे इतिहासाच्या विद्यार्थ्याला ठाऊक आहे, आणि काही महाराजांच्या दुराचारावरून सबंध भक्तिपरंपरेला कमी लेखण्याची घाई तेव्हा झाली, हेही खरे आहे. सूरदासांची पदे आणि हवेली संगीत ज्या परंपरेत बहरले ती परंपरा एका जदुनाथजींपुरती नाही. परंतु यावर उपाय चित्रपट थांबवणे हा नव्हता. करसनदास स्वतः वैष्णव कुटुंबातले होते, त्यांच्या बाजूच्या महत्त्वाच्या साक्षीदारांत त्याच संप्रदायातली माणसे होती, आणि अर्पण कृष्णाला करायचे की गुरूच्या शेजेला, हा त्यांचा प्रश्न भक्ताचा प्रश्न होता. हे ठळकपणे दाखवले तर धर्मावर घाला घातल्याचा आरोप टिकत नाही. साक्षीदार पुसट करून एकटा नायक आणि एकटा खलनायक उरवला की मात्र श्रद्धा विरुद्ध बंडखोरी असे चित्र तयार होते आणि आक्षेप घेणाऱ्यांना आयते कारण मिळते. म्हणून साक्षीदारांना पडद्यावर जागा देणे ही सत्याची मागणी आहेच, शिवाय तुमच्या संरक्षणाचा तो सर्वांत भक्कम मार्ग आहे.

स्थगिती उठवताना गुजरात उच्च न्यायालयाने दोन गोष्टींची नोंद घेतली : चित्रपट त्या दाव्यापर्यंतच्या घटनांवर आधारलेला असून कोणत्याही समाजाच्या भावना दुखावणे हा त्याचा हेतू नाही, आणि केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाने त्याला प्रमाणपत्र दिलेले आहे. त्याआधी, १९८९ मध्ये एस. रंगराजन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निदर्शनांच्या आणि हिंसेच्या धमकीपुढे झुकून चित्रपट दडपता येणार नाही असे स्पष्ट केले होते. कायदा तुमच्या विरुद्ध नाही. वकिलांच्या सल्ल्याने संहितेतून एकेक नाव आणि एकेक वाक्य आधीच गाळून टाकण्याची सवय मात्र तुमच्या विरुद्ध जाते, कारण ती कात्री कोणाला दिसत नाही आणि तिच्याविरुद्ध कुठे अपीलही करता येत नाही.

महाराष्ट्रातल्या प्रेक्षकाला हे सोसणार नाही असे म्हणू नका. अंगाला राख फासून डोळे मिटून पाप करणाऱ्याला तुकोबांनी भोंदू म्हटले, आणि तेच तुकोबा आमच्या वारीच्या पालखीत आहेत. १९३६ च्या ‘संत तुकाराम’मध्ये प्रभात कंपनीने सालोमालोसारखा दांभिक धर्ममार्तंड उभा केला आणि भाविकांनीच तो चित्रपट डोक्यावर घेतला. संतांचे मोठेपण दाखवायचे तर ढोंग्याचे ढोंगही दाखवावे लागते, हे त्या प्रेक्षकाला कोणी समजावून द्यावे लागले नाही. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर याच राज्याने जादूटोणाविरोधी कायदा केला. दैवी शक्तीचा दावा सांगून होणारे शोषण आमच्या भोवती आजही आहे. अशा घरांतल्या मुली माझ्या वर्गात बसल्या आहेत, आणि त्या गप्प का असत हे मला शिक्षिका म्हणून फार उशिरा कळले. त्यातल्या एकीने तरी वेळीच मथुरादासांसारखे, भाऊ दाजींसारखे कोणी पडद्यावर पाहिले असते, आणि आपल्या बाजूने मोठी माणसेही उभी राहतात असे तिला वाटले असते, तर तिने माझ्याशी आधी बोलायचा धीर केला असता असे मला वाटते.

तेव्हा माझे मागणे असे आहे. या खटल्यावर किंवा अशा दुसऱ्या एखाद्या प्रकरणावर तुम्ही पुन्हा काम कराल तेव्हा कादंबरीपाशी न थांबता मूळ नोंदींपर्यंत जा. कार्यवाहीचा अहवाल १८६२ सालीच मुंबईत छापला गेला, आणि करसनदासांनी स्वतः संप्रदायाचा इतिहास लिहून १८६५ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला. चित्रपटाच्या आरंभी केवळ ‘सत्य घटनांवर आधारित’ असे न लिहिता कोणती पात्रे नोंदीतली आणि कोणती कल्पनेतली हे नावानिशी सांगा. शक्य असेल तर हा विषय मालिकेच्या रूपाने घ्या, कारण कटाचा खटला, भाटियांची सभा, डॉक्टरांच्या साक्षी आणि निकालानंतरचे दिवस हे सारे दोन तासांत मावणार नाही. निकालानंतरचे दिवस विसरू नका. करसनदास १८६३ मध्ये इंग्लंडला गेले, समुद्र ओलांडला म्हणून जातीने त्यांना वाळीत टाकले, पुढे ते काठेवाडात कारभारी म्हणून राहिले आणि १८७१ साली लिंबडीला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी वारले. खटला जिंकल्यानंतर त्यांना उरलेली एवढी नऊ वर्षे कोणत्याही चित्रपटात मी अजून पाहिलेली नाहीत.

छापील अहवालातल्या प्रमुख साक्षींची मराठी टिपणे मी निवृत्तीनंतर सवडीने काढली आहेत. ती तीन वह्यांत आहेत, हस्ताक्षर वाचता येण्यासारखे आहे, आणि तुमच्यापैकी ज्या कोणाला ती उपयोगी पडतील त्याला त्या वह्या मी कोणत्याही मोबदल्याशिवाय देईन.

आपली नम्र,
गिरगावातील एक निवृत्त इतिहासशिक्षिका